'हॉर्सटेल'चा डबा घेण्यापूर्वी

भवानीनगर, सणसर, लासुर्णे या पट्ट्यात महिलांच्या आरोग्य तपासणीला बसले की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. पिशवीतून प्लास्टिकचा डबा बाहेर निघतो. डब्यावर हिरव्या ब्रशसारख्या झाडाचे चित्र आणि 'हॉर्सटेल' असे नाव. "सिस्टर, ह्यानं हाडं भरून येत्यात म्हनं. लघवीची आग पन जाती. घिऊ का?" विकणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो. भाचा, शेजारीण, बचत गटातली ताई. त्यामुळे नाही म्हणता येत नाही. डब्याची किंमत मात्र कोयत्याच्या दोन-तीन दिवसांच्या कमाईइतकी असते.

अशा प्रश्नाला "काही उपयोग नाही, फेकून द्या" असे एका वाक्यात उत्तर देणे मला पटत नाही. या वनस्पतीवर खरोखर संशोधन झाले आहे. काही निष्कर्ष चांगलेही आहेत. ते कोणावर झाले, किती दिवस झाले आणि आपल्या बायांच्या दुखण्याशी त्याचा किती संबंध आहे, हे डब्यावर लिहिलेले नसते. म्हणून या वेळचे पान त्यासाठी.

आधी वनस्पती ओळखून घेऊ. हॉर्सटेल म्हणजे शब्दशः घोड्याची शेपटी. शास्त्रीय नाव इक्विसेटम, त्याचाही लॅटिनमध्ये अर्थ घोड्याचा केस असाच. आपल्या आजी-पणजीच्या बटव्यात ही वनस्पती नव्हती. तिचे सगळ्यांच्या तोंडी असलेले मराठी नाव मी तरी ऐकलेले नाही. ही नेच्याच्या नात्यातली. हिला फूल नाही, फळ नाही, बी नाही; बीजाणूंवर वाढते. खोड पोकळ आणि बांबूसारखे पेरापेरांचे, पण बोरूएवढे बारीक. पाने म्हणजे पेराभोवती दातेरी कॉलर, बस्स. ३० कोटी वर्षांपूर्वी हिचे नातलग झाडाएवढे उंच होते आणि आज आपण जो दगडी कोळसा जाळतो त्यात त्यांचाही वाटा आहे.

हिचे खोड हाताला खरखरीत लागते, कारण ती जमिनीतून सिलिका ओढून सालीत साठवते. सिलिका म्हणजे वाळूतला मुख्य घटक. युरोपात पूर्वी बायका याच खोडांच्या जुडीने कथलाची भांडी घासत आणि सुतार लाकूड गुळगुळीत करत. आपण राखेने आणि नारळाच्या काथ्याने भांडी घासली, त्यांनी हिने घासली.

उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना सिलिका नवी नाही. ऊससुद्धा जमिनीतून भरपूर सिलिका ओढतो. फडात शिरलेल्या बाईच्या हातावर, मानेवर, गालावर पाचटाचे जे बारीक चरे उठतात, त्या पानाच्या कडेची धार सिलिकेचीच. दिवसभर सिलिकेने कापून घ्यायचे आणि संध्याकाळी सिलिकेचा डबा विकत घ्यायचा, असा हा व्यवहार आहे.

आता संशोधन. सगळ्यात जास्त बोलले जाते ते लघवीबद्दल, तिथूनच सुरुवात करू.

ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३६ निरोगी पुरुष घेतले. त्यांना रोज ९०० मिलिग्रॅम हॉर्सटेलचा वाळवलेला अर्क चार दिवस दिला. तुलनेसाठी हायड्रोक्लोरोथायझाइड ही लघवी वाढवणारी नेहमीची गोळी आणि काहीच औषध नसलेली कॅप्सूल दिली. कोणती कॅप्सूल कोणती, हे घेणाऱ्यालाही माहीत नाही आणि मोजणाऱ्यालाही नाही. याला दुहेरी अंध चाचणी म्हणतात आणि औषध तपासायची ही प्रामाणिक पद्धत आहे. निष्कर्ष असा, की हॉर्सटेलने लघवीचे प्रमाण त्या गोळीइतकेच वाढले आणि तेवढ्या दिवसांत शरीरातल्या क्षारांवर लक्षात येण्याजोगा परिणाम दिसला नाही.

म्हणजे लघवी वाढते हे खरे. पण निरोगी पुरुष, चार दिवस. त्यात एकही बाई नव्हती आणि एकालाही लघवीचा जंतुसंसर्ग नव्हता. लघवी जास्त होणे आणि जंतू मरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्बियातल्या संशोधकांनी २००६ मध्ये हॉर्सटेलचे तेल प्रयोगशाळेत जंतूंवर टाकून पाहिले आणि जंतूंची वाढ रोखली गेली. काचेच्या बशीत व्हिनेगरने आणि लसणानेही जंतू मरतात. बाईच्या मूत्राशयात ते तेल त्या प्रमाणात पोहोचेल का, हा प्रश्न बशीला विचारता येत नाही.

युरोपियन मेडिसिन्स एजन्सीच्या वनौषधी समितीने हॉर्सटेलला मान्यता दिली आहे, असे विक्रेते छातीठोकपणे सांगतात. तेही अर्धे खरे. समितीने तिला 'पारंपरिक वापर' या वर्गात ठेवले आहे. या वर्गाचा अर्थ असा, की किमान ३० वर्षे लोक ते वापरत आले आहेत, त्यातली १५ युरोपात, आणि त्यावरून वापर साधारण सुरक्षित दिसतो. रुग्णांवरच्या चाचण्यांनी गुण सिद्ध झाला असे त्यात म्हटलेले नाही. वापरही दोनच: लघवीच्या किरकोळ तक्रारीत भरपूर पाण्याबरोबर जोड म्हणून, आणि वरवरच्या जखमेवर बाहेरून. त्याच कागदावर पुढे लिहिले आहे, की ताप आला, लघवीला दुखले, कळा आल्या किंवा रक्त गेले तर डॉक्टरकडे जा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा गंभीर आजार असून पाणी कमी प्यायला सांगितले असेल तर घेऊ नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला देऊ नका. ही दुसरी बाजू डब्यावर छापायला जागा उरत नाही.

जखमेबद्दलचा अभ्यास माझ्या जुन्या कामाच्या जवळचा आहे, म्हणून तो मी बारकाईने वाचला. इराणमध्ये पहिलटकरणींवर तो झाला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणात वाट मोठी करायला जो छेद घेतात, त्याच्या टाक्यांवर हॉर्सटेलचे ३ टक्क्यांचे मलम लावले. एकूण १०८ बाया. निम्म्यांना खरे मलम, निम्म्यांना नुसते. पाचव्या आणि दहाव्या दिवशी टाके तपासले: लाली किती, सूज किती, काळेनिळे किती, पू-पाणी येते का, कडा जुळल्या का. प्रसूती कक्षात काम केलेली कोणतीही सिस्टर याच पाच गोष्टी बघते. मलम लावलेल्या बायांची जखम जास्त चांगली भरली आणि दुखणेही कमी झाले. हा अभ्यास चांगला आहे. असेच निकाल आणखी चार ठिकाणी आले तर सरकारी प्रसूतिगृहांनी विचार करावा असे मी म्हणेन. पण हे मलम निर्जंतुक केलेले, मोजून बनवलेले होते. कॅप्सूल फोडून भुकटी टाक्यांवर भुरभुरायची नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण लोक असे करतात. हळद, राख, तंबाखू, काय काय टाक्यांवर आलेले मी पाहिले आहे.

आता हाडे. डब्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात हेच असते.

इटलीत १९९९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाळी जाण्याच्या वयातल्या १२२ बायांमध्ये हॉर्सटेलचा अर्क, आणि अर्क अधिक कॅल्शियम, यांची तपासणी झाली आणि हाडांची घनता सुधारल्याचे नोंदवले गेले. तेव्हापासून हाडांच्या प्रत्येक जाहिरातीत हाच अभ्यास फिरतो. एवढा मोठा गुण असता तर त्यानंतरच्या इतक्या वर्षांत तो मोठ्या प्रमाणावर पुन्हा तपासून सिद्ध झाला असता. तसे झालेले नाही. पोर्तुगालच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रयोगशाळेत दाखवले, की हाड झिजवणाऱ्या पेशी तयार होण्याला हा अर्क अडवतो. हे महत्त्वाचे निरीक्षण आहे, पण तेही पेशींवरचे, चालत्या-बोलत्या माणसावरचे नाही.

सिलिका हाडाला लागते की नाही, यावर अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावच्या कुटुंबांवर मोठा अभ्यास झाला, २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे २,८०० माणसांच्या रोजच्या जेवणातून किती सिलिकॉन जाते ते मोजले आणि हाडांची घनता तपासली. पुरुषांमध्ये आणि पाळी चालू असलेल्या बायांमध्ये जास्त सिलिकॉन आणि मजबूत हाडे यांचा संबंध दिसला. पाळी गेलेल्या बायांमध्ये तो दिसला नाही. विक्रेत्याचे गिऱ्हाईक कोण? पाळी गेलेली बाई. शिवाय हे सिलिकॉन कॅप्सूलमधले नव्हते, कोंड्यासकट धान्य, घेवडा, केळी अशा साध्या अन्नातले होते. हॉर्सटेलमधली बरीचशी सिलिका तर पाण्यात विरघळतच नाही. ती भांडी घासायला चांगली, आतड्यातून रक्तात जायला अवघड.

केसांबद्दल एवढेच सांगते, की केसवाढीच्या ज्या गोळ्यांचे अभ्यास दाखवतात, त्यांत हॉर्सटेल एकटे नसते. माशांची प्रथिने, जस्त, जीवनसत्त्वे असे पाच-सहा पदार्थ असतात. श्रेय कोणाचे, ते ठरत नाही. आणि हिमोग्लोबिन आठ असलेल्या बाईचे केस गळत असतील तर पहिला संशय रक्ताच्या कमतरतेवर घ्यावा. मेक्सिकोत २००२ मध्ये ११ मधुमेही रुग्णांना याच कुळातल्या दुसऱ्या जातीचा काढा दिला आणि साखर उतरली, म्हणून आता मधुमेहासाठीही नाव जोडतात. अकरा माणसे आणि जातही वेगळी. साखरेच्या गोळ्या चालू असताना त्यावर असा काढा घेतला आणि साखर एकदम खाली गेली, तर घाम फुटून, डोळ्यांपुढे अंधारी येऊन माणूस पडतो.

जात वेगळी असण्याचा मुद्दा आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे. बहुतेक संशोधन इक्विसेटम आर्वेन्से या थंड प्रदेशातल्या जातीवर झाले आहे. भारतात नदी-ओढ्याच्या ओल्या वाळूत जी सापडते ती रामोसिसिमम नावाची दुसरी जात. युरोपात दलदलीत वाढणारी आणखी एक जात गुराढोरांना विषारी आहे आणि तिची भेसळ होऊ नये म्हणून तिथल्या औषधकोशात वेगळी चाचणी सांगितलेली आहे. आपल्या डब्यातल्या हिरव्या भुकटीत कोणती जात आहे, हे डोळ्यांनी कोणालाच कळत नाही. व्हिडिओ बघून नीरेच्या काठावरून काही उपटून आणून उकळू नये.

इथे जीवकाची गोष्ट आठवते. विहारात धम्मवर्गात आपण ती ऐकलेली असते. तक्षशिलेत सात वर्षे शिकल्यावर आचार्यांनी जीवकाच्या हाती कुदळ दिली आणि सांगितले, की तक्षशिलेभोवती एक योजन फीर आणि जी वनस्पती औषधी नाही ती घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतला. औषधी नाही अशी एकही सापडली नाही. आचार्य म्हणाले, तुझे शिक्षण झाले. ही गोष्ट हल्ली विक्रेतेही सांगतात: बघा, बुद्धाचा वैद्यच म्हणतो की प्रत्येक झाड औषध आहे. पण त्या गोष्टीत सात वर्षे आहेत आणि कुदळ आहे. जीवकाने प्रत्येक झाड खणून, बघून, कोणत्या आजाराला किती, हे ठरवून मग उत्तर दिले. महावग्गात भिक्खूंना औषधांची जी परवानगी आहे, तीसुद्धा आजार सांगून आहे: अमुक दुखण्याला अमुक मूळ, अमुक साल. सगळ्यांना सगळ्यावर एकच डबा, असे तिथे कुठे नाही. आणि कालामांना तथागतांनी काय सांगितले ते आपल्या वाचकांना मी सांगायला नको. भाच्याने सांगितले म्हणून, पुस्तकात आहे म्हणून मानू नका, यात युरोपच्या कागदाचाही समावेश होतो.

आता नुकसानीकडे येऊ, कारण 'झाडपाला आहे, फायदा नाही झाला तर तोटा तरी नाही' हे वाक्य मला रोज ऐकू येते.

हॉर्सटेलमध्ये थायमिनेज नावाचे द्रव्य आहे. ते थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, मोडून टाकते. परदेशात चाऱ्यात ही वनस्पती मिसळलेली असली की घोडे लडखडतात, अंग थरथरते, शेवटी मरतात. वेळेत बी-१ ची इंजेक्शने दिली तर वाचतात. घोडा कित्येक दिवस किलोकिलोने खातो आणि माणूस चिमूटभर, हे मान्य. उष्णतेने हे द्रव्य निकामी होते, हेही खरे. म्हणूनच कॅनडाच्या आरोग्य खात्याने हॉर्सटेलच्या उत्पादकांना थायमिनेज काढून टाकल्याचा पुरावा ठेवायला लावला आहे. आपल्याकडच्या डब्यावर असा शब्द मी अजून वाचलेला नाही. ज्याच्या अंगात बी-१ मुळातच कमी आहे त्याला हे महिनोनमहिने देणे धोक्याचे. असे कोण? रोज दारू पिणारा माणूस. पॉलिश केलेल्या तांदळावरच जगणारे घर. उलट्यांनी बेजार झालेली गरोदर बाई. हातापायाला मुंग्या, चालताना तोल जाणे, पायावर सूज, धाप लागणे ही बी-१ कमी झाल्याची लक्षणे आहेत.

अर्जेंटिनातल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. दोघेही एचआयव्हीचे औषध नियमित घेणारे, रक्तातला विषाणू आटोक्यात आलेला. दोघांनी हॉर्सटेल असलेले पूरक सुरू केले आणि विषाणू पुन्हा दिसू लागला. पूरक बंद केल्यावर तो परत आटोक्यात आला. दोनच रुग्ण आहेत, त्यामुळे हा ठाम पुरावा नाही, इशारा आहे. पण एआरटीची गोळी चालू असलेल्या आपल्या भावाबहिणींनी तो इशारा पुरेसा मानावा. औषधाला दाद न देणारा विषाणू एकदा तयार झाला की पुढची औषधे कमी उरतात. तुर्कस्तानातून २०१२ मध्ये हॉर्सटेलमुळे यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. मनोविकारावर लिथियम चालू असेल तर लघवी वाढवणारे काहीही घेताना रक्तातले लिथियम वाढू शकते. रक्तदाबाच्या गोळीत आधीच लघवी वाढवणारे औषध असेल तर त्यावर हे म्हणजे दुप्पट मात्रा.

आता फडात जाऊ.

कार्तिकात टोळ्या येतात, बीड, अहिल्यानगर, जालना इकडच्या. गाळप संपेपर्यंत पाले पडतात. बाई पहाटे चारला उठते, भाकऱ्या थापते, फडात जाते. उसाच्या फडात आडोसा आहे, संडास नाही. पुरुषांच्या समोर उठून जाता येत नाही, म्हणून बाई पाणीच पीत नाही. सकाळी एक तांब्या, मग दुपारी भाकरीबरोबर. लघवी तासन् तास रोखून धरायची. पाळीत कपडा बदलायला जागा नाही. मग लघवीला आग होते, ओटीपोट दुखते, उन्हाळी लागली म्हणून धण्याचे पाणी, आणि आता हा डबा. दवाखान्यात जायचे म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम उचलीतून कापतो.

या बाईला लघवी वाढवणारी कॅप्सूल काय करेल, याचा शांतपणे विचार करा. अंगात पाणी कमी आहे. ऊन आहे. घाम चालला आहे. कॅप्सूल उरलेले पाणी बाहेर काढणार. युरोपच्या कागदावर लिहिलेले 'भरपूर पाण्याबरोबर' हे शब्द या बाईच्या दिवसात कुठे बसतात? शिवाय कंबर दुखते म्हणून ती टपरीवरून दुखण्याची गोळी आणून रोज खाते. पाण्याची कमतरता, दुखण्याची गोळी आणि लघवी वाढवणारे औषध हे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडावर मार बसतो. मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वात, ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांमध्ये मूत्रपिंड निकामी होण्याची साथच दिसली. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी मूत्रपिंड गेले. कारणांचा शोध अजून चालू आहे, पण कडक उन्हातली मेहनत आणि अंगातले पाणी आटणे यांवर मोठा संशय आहे. तिथे आता सावली, विश्रांती आणि पाणी यांची वेळ ठरवून देण्याचे प्रयोग चालू आहेत. वनस्पती कोणतीही असो, औषधाची पहिली मात्रा तिथे पाणीच ठरले.

लघवीची आग तीन दिवसांपेक्षा जास्त राहिली, थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखले किंवा लघवी लाल झाली तर लघवी तपासलीच पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. पुढे गरज पडली तर इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय आहे, बारामतीचे सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे. संसर्ग असेल तर जंतुनाशक गोळ्यांचा डोस पूर्ण घ्यायचा. आग थांबली म्हणून दोन दिवसांत सोडायचा नाही. गरोदर बाईने तर एक दिवसही थांबू नये, कारण हा संसर्ग वर मूत्रपिंडात चढला तर वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात.

हाडांचा प्रश्न याच बायांचा आहे, फक्त तो दहा वर्षांनी उभा राहतो. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा बायांमागे एक. अंगावरून पांढरे जाते, पाळीत दुखते, कॅन्सर होईल अशी भीती घालतात आणि तिशी-पस्तिशीतच पिशवी निघते. खाडे वाचतात.

पिशवी काढताना बीजकोशही काढले असतील तर पाळी जाण्याचे वय त्याच दिवशी येते. एरवी ते आपल्याकडे ४६-४७ च्या आसपास येते. बीजकोशातले संप्रेरक हाडांची राखण करते. ते थांबल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडे सगळ्यात वेगाने विरळ होतात. म्हणून अशा प्रत्येक बाईला मी पहिल्यांदा डिस्चार्ज कार्ड विचारते. "पिशवी काढली" एवढेच तिला माहीत असते, बीजकोश राहिले की गेले हे माहीत नसते. कार्ड नसेल तर जिथे ऑपरेशन झाले तिथून कागद मागून घ्यावेत. तो आपला हक्क आहे. पंचेचाळिशीच्या आत बीजकोश गेले असतील तर संप्रेरकांची गोळी द्यायची का, हे स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारले पाहिजे. हॉर्सटेलची कॅप्सूल ही जागा भरून काढू शकत नाही, आणि ती घेत असल्यामुळे बाई हा प्रश्न विचारायचीच राहून जाते. मला डब्याचा राग येतो तो यासाठी.

हाडाला लागते कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, प्रथिने आणि अंगावर वजन पेलणारे काम. कामाची तर कमतरता नाही. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिळाची चटणी, राजगिऱ्याची भाजी, शेवग्याचा पाला. आणि सुकट. काट्यासकट खाल्लेली सुकट हाडांसाठी उत्तम अन्न आहे. जिच्या वासावरून आपल्या वस्तीला नाके मुरडली गेली, ती सुकट सोडून हिरव्या ठिपक्याचा शुद्ध शाकाहारी डबा घ्यायचा, हे मला बघवत नाही. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत कॅल्शियमच्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात, रोज दोन. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे. टोळीतल्या बाईचे गाव दुसरे असले तरी तिला हे नाकारता येत नाही. कोणी नाकारले तर आशाताईला गाठावे.

डबा हातात आलाच तर उलटा करून वाचा. त्यावर १४ आकड्यांचा अन्न परवाना क्रमांक असतो. विक्रेता त्याला 'सरकारमान्य' म्हणतो. हा क्रमांक अन्नाचा व्यवसाय करण्याचा परवाना आहे. पापडाच्या पुड्यावरही असतो. आरोग्य-पूरकांवर आपल्या कायद्याने एक वाक्य छापावेच लागते, आणि ते बारीक इंग्रजी अक्षरांत कुठेतरी कोपऱ्यात असते. त्याचा अर्थ 'औषधी वापरासाठी नाही' असा आहे. घरात शाळा-कॉलेजात जाणारी मुलगी असेल तिला शोधायला सांगा.

ज्यांनी आधीच घ्यायला सुरुवात केली आहे त्यांनी घाबरू नये. आठ-पंधरा दिवस घेतले आणि काही त्रास नसेल तर नुसते बंद करावे. महिनोनमहिने घेतले असेल आणि मुंग्या, तोल जाणे, सूज, डोळे पिवळे होणे यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना दाखवावे. जाताना रिकामा का होईना, तो डबा बरोबर न्यावा. "झाडपाल्याचं होतं काहीतरी" एवढ्यावर डॉक्टरांना काही कळत नाही. आणि तो डबा घेतला हे सांगायची लाज वाटू देऊ नये. एआरटी, लिथियम, रक्तदाब, साखर यांपैकी कुठलीही गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करायची नाही. बंद करायचा तो डबा.

पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर मी रक्तदाबाचे मशीन आणि लघवी तपासायच्या पट्ट्या घेऊन बसते. टोळीतल्या बायांना त्या दिवशी संध्याकाळी सवड मिळते. ज्यांच्या वस्तीजवळ पाले पडली आहेत त्यांनी त्यांना सोबत घेऊन यावे. येताना पाण्याची बाटली भरून आणावी. पट्टी तपासायला लघवी लागते आणि दिवसभर पाणी न प्यायलेल्या बाईला ती होत नाही.